खुब्याचं हाड मोडलंय: स्क्रू, अर्धा सांधा की पूर्ण?

आई घसरली, एक्स-रे निघाला, डॉक्टर म्हणाले ऑपरेशन. पुण्याहून भाऊ फोनवर म्हणतो पूर्ण सांधा बदला, लोकमान्यनगरच्या मावशी म्हणतात आपलं हाड ते आपलंच, स्क्रू लावा. आधी एवढंच विचारा: हाड मोडलंय कुठे?

खुब्यात मांडीच्या हाडाचं गोल टोक, म्हणजे बॉल, कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतं. बॉलच्या लगेच खालचा निमुळता भाग म्हणजे त्या हाडाची मान. मानेच्या खाली मोडलं असेल तर फारसं ठरवायचं नसतं. तिथे रक्तपुरवठा चांगला, हाड जुळतं. आत रॉड घालायचा की बाहेरून प्लेट लावायची, हे तुकडे किती स्थिर आहेत ते पाहून सर्जनच ठरवतात.

खरा प्रश्न मानेच्या फ्रॅक्चरचा. बॉलला रक्त देणाऱ्या बहुतेक वाहिन्या मानेवरूनच जातात. हाड जागचं हललं नसेल तर स्क्रू पुरतात, वय जास्त असलं तरी. हाड सरकलं की वाहिन्या तुटतात, बॉल मरू शकतो. तरुण माणसात तरीही तो वाचवून पाहतात. पण पंच्याहत्तरीच्या आईसाठी, हाड सरकलेलं असताना, स्क्रूचा हट्ट धरू नका. तो फसला तर त्या वयात दुसरं ऑपरेशन सोसावं लागतं.

आता अर्धा की पूर्ण? अर्ध्यात फक्त बॉल बदलतात. ऑपरेशन लवकर आटोपतं, खर्च कमी. पूर्ण सांध्यात वाटीही बदलतात. साठ-पासष्टीच्या, रामबागेतून राजवाड्यापर्यंत पायी भाजी आणायला जाणाऱ्या काकूंसाठी मी पूर्ण सांध्याचा विचार नक्की करेन, कारण धातूचा बॉल वर्षानुवर्षं मूळच्या वाटीवर घासत राहिला तर ती दुखू लागते. घरातल्या घरात काठी टेकत फिरणाऱ्या आजींना अर्धा पुरे. २०१९ साली सुमारे १,५०० रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळे पन्नाशीपुढचे, पडण्याआधी कुणाच्या आधाराशिवाय चालणारे. दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण दोन्हींकडे जवळपास सारखं होतं. सांधा निखळण्याचा किंवा अस्थिर होण्याचा त्रास मात्र पूर्ण सांध्यात ४.७ टक्के, अर्ध्यात २.४. म्हणजे ‘पूर्ण’ म्हणजे सरसकट चांगला, असं नाही. विसरभोळेपणा वाढलेल्या, सूचना न पाळणाऱ्या रुग्णात तर निखळण्याची भीती आणखी मोठी.

अर्धा ठरला तर सिमेंटचा बसवणार का, हेही विचारा. ठिसूळ हाडात सिमेंट लावलेल्या सांध्याभोवती नवं फ्रॅक्चर होण्याचा धोका कमी असतो.

भाऊ येईपर्यंत थांबू नका. तब्येत साथ देत असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन व्हावं. अंथरुणात पडून न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात. सत्तरीपुढच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. हॉस्पिटल त्या योजनेच्या यादीत आहे का, ते भरती करतानाच विचारा.

घरी कमोडची उंच खुर्ची आणून ठेवा. सांधा बदलला असेल तर देवपूजेचा पाट उचला, पूजा खुर्चीवर बसूनच होऊ द्या. आणि डिस्चार्जच्या कागदावर हाडांच्या ठिसूळपणाचं औषध लिहिलेलं नसेल तर तिथेच विचारा, कारण दुसरा खुबा अजून तसाच ठिसूळ आहे.