दांडिया बाजारातील शिलाईचे दुकान: 650 रुपयांच्या ब्लाऊजचा हिशेब

वडोदऱ्यात दांडिया बाजारातील ज्या दुकानात मी गेली 6 वर्षे ब्लाऊज आणि नऊवारी शिवून घेते, तिथे अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई 650 रुपये आहे. आसपास तेच काम 450 रुपयांत होते. वरचे 200 रुपये कशाचे, हे मला उशिरा उमगले.

पूर्वी मी दुसरीकडे जात असे. तिथे कारागिरांना नगावर मजुरी मिळे, नेमणूकपत्र कुणाकडेच नव्हते आणि नवरात्र आटोपली की निम्मे जण चार पैसे जास्त देणाऱ्याकडे निघून जात. त्यामुळे माझ्या उजव्या खांद्याचा उतार दर वेळी नव्या माणसाला समजवावा लागे, आणि आईच्या पैठणीचा ब्लाऊज तर काखेत चुकीचा बेतल्याने कायमचा वाया गेला.

या दुकानातील 12 कारागीर मासिक पगारावर आहेत. त्यांना नेमणूकपत्र, भरपगारी साप्ताहिक सुट्टी आणि ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचे, संरक्षण आहे. सलग 5 वर्षे झाल्यावर ग्रॅच्युइटीचा हक्कही मिळतो. 15,000 रुपये पगारावर ईएसआयपोटी मालकाचे 3.25 टक्के, म्हणजे 487.50 रुपये, आणि कारागिराचे 0.75 टक्के, म्हणजे 112.50 रुपये जातात. त्या बदल्यात उपचार होतात आणि आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन मिळते. गेल्या वर्षी नऊवारी शिवणारे मास्तर कावीळ होऊन महिनाभर घरी होते, पण कर्ज न काढता बरे होऊन ते आपल्याच मशीनवर परतले. नवा माणूस हाताशी तयार व्हायला चार महिने लागतात आणि तेवढ्यात बिघडलेले कापड भरून देण्यातच या हप्त्यांहून अधिक पैसे जातात, असे मालकीणबाई सांगतात. मला हे पूर्णपणे पटते, कारण 6 वर्षांत माझा एकच ब्लाऊज दुरुस्तीसाठी परत गेला आहे. शिवाय पगार 7 तारखेच्या आत हाती पडत असल्याने कारागीर घरची खरेदी मंगळ बाजारात रोखीने करतात. म्हणजे हा पैसा शेजारच्या दुकानदारांपर्यंतही पोहोचतो.

ट्रायलची खोली फार अरुंद आहे, तिथे आरसा तरी मोठा हवा. रात्री 8 नंतर मशीन बंद होतात आणि घाईचे काम घेतले जात नाही, म्हणून लग्नसराईत कापड किमान 15 दिवस आधी द्यावे.