गुडबाय मदर (२०१९): आजीने पिक्चर खाल्ला राव

व्हिएतनाम म्हटलं की अजूनही आपल्याला युद्ध आणि हेलिकॉप्टरच आठवतात, सगळी हॉलिवूडची कृपा. त्रिन दिन ले मिन्ह या दिग्दर्शकाच्या या पिक्चरमध्ये त्यातलं काहीच नाही, नुसतं घर, जेवणं आणि नातेवाईक.

वान अमेरिकेत असतो, वडिलांची कबर दुसरीकडे हलवायचीये म्हणून दक्षिणेतल्या गावी येतो आणि सोबत आपल्या प्रियकराला, इयनला आणतो, घरच्यांसाठी अर्थातच 'मित्र'. पण वान घराण्यातला थोरला नातू, म्हणजे लग्न, मुलगा, वंश, पूर्वजांची पूजा सगळं त्याच्याच गळ्यात, त्यामुळे आल्या आल्या मुलीचा विषय निघणारच (आपल्याकडे काय वेगळं असतं म्हणा). आणि मग ती आजी! तिला नीट आठवत नाही, ती इयनलाच आपला नातू समजते, आणि बघा, ज्याला त्या घरात खऱ्या नात्याने कधी बसता आलं नसतं त्याला आजीच्या गोंधळामुळे थेट नातवाची जागा मिळते आणि खरा नातू शेजारी बसून बघत राहतो. हसू येतं आणि लगेच पोटात तुटतं. आईचं काम होंग दाओने केलंय, तिला हळूहळू सगळं कळत जातं पण ती विषयच काढत नाही, ते जबरदस्त.

मधे जरा रेंगाळतो, दहा-पंधरा मिनिटं सहज कापता आली असती.

आधी तिकडच्या पिक्चरमध्ये गे पात्र म्हणजे बहुतेक हसायला असायचं, २०११ च्या 'लॉस्ट इन पॅरडाइज'ने ते जरा मोडलं. २०१५ पासून कायद्यातली समलिंगी लग्नावरची बंदी गेली पण मान्यता काही मिळाली नाही, वानचं घरही असंच मधेच अडकलेलं आहे. सेन्सॉरचं गणित मात्र वेगळंच दिसतं. 'व्हिएत अँड नाम' या तिकडच्याच पिक्चरमध्येही एकमेकांच्या प्रेमात पडलेले दोन पुरुष खाणकामगारच आहेत, तो २०२४ ला फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात गेला आणि मायदेशात बंदी, कारण काय तर देशाचं उदास, नकारात्मक चित्र दाखवलं. म्हणजे घरातलं काय ते दाखवा, देश तेवढा हसरा ठेवा!

आईवडिलांसोबत बघायला हरकत नाही, फार तर एक-दोन सीनला कुणीतरी पाणी प्यायला उठेल. डब शोधत बसू नका, सबटायटल लावूनच बघा. पाचपैकी चार.