फ्लोअर हीटिंगवरच्या टाइल्स : एका हिवाळ्यानंतरचा अनुभव

म्युनिकजवळच्या आमच्या नव्या घरात सिमेंटच्या कोब्यातच गरम पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या आहेत. त्यावर गेल्या सप्टेंबरात स्वयंपाकघर आणि बोळ यांत ६० बाय ६० सेंटिमीटरच्या पोर्सेलिन टाइल्स बसवून घेतल्या. त्यांच्यावर आठ महिने वावरल्यानंतर हे लिहीत आहे.

उबेविषयी तक्रार नाही. पोर्सेलिनमधून उष्णता लाकडापेक्षा कितीतरी सहज वर येते, त्यामुळे लाकडी जमिनीच्या बेडरूमआधी स्वयंपाकघर उबदार होते. मात्र फरशी तापेल अशी अपेक्षा ठेवू नये; राहत्या खोल्यांत पृष्ठभागाचे तापमान २९ अंशांपुढे न्यायचे नसते आणि प्रत्यक्षात ते त्याहून कमीच असते. मुंबईहून आलेल्या आईने पहिल्या दिवशी फरशीला हात लावून ‘ही तर कोमटसुद्धा नाही’ असे म्हटले, पण दुसऱ्या दिवसापासून तिच्या सपाता कोपऱ्यात पडून राहिल्या.

टाइल्स बसवण्यापूर्वी कोबा तापवून सुकवावा लागतो: तीन दिवस नळ्यांत २५ अंशांचे पाणी, मग चार दिवस कमाल तापमान, आणि त्यानंतरही ओल १.८ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत थांबणे. आम्ही घाई करत होतो; कारागिराने साफ नकार दिला, हे त्याचे उपकारच. चिकटवण्यासाठी त्याने सी२ एस१ दर्जाचे, म्हणजे जास्त पकडीचे आणि लवचीक, अॅडहेसिव्ह जमिनीवर आणि टाइलच्या पाठीवर असे दोन्हीकडे लावले, आणि एक टाइल लगेच उचलून पाठ पूर्ण माखली आहे हे दाखवले. मध्ये पोकळी राहिली तर तिथे उष्णता अडते आणि वाजवल्यावर बद्द आवाज येतो. त्यानंतर जवळपास महिनाभर हीटिंग बंद होते.

इतक्या काटेकोर माणसाकडून चूक झाली ती दारात. बोळ आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये कोब्याला प्रसरणासाठी सांधा सोडलेला होता. त्याने त्यावर अखंड टाइल बसवली, कारण ती तशी अधिक देखणी दिसत होती, आणि खरे सांगायचे तर मलाही तेच आवडले होते. सहा मीटर लांबीचा कोबा २० अंशांनी तापला की सुमारे दीड मिलिमीटर वाढतो. जानेवारीत एका रात्री टक् असा आवाज झाला आणि सकाळी उंबऱ्याच्या रेषेत केसाएवढी चीर दिसली, नेमकी खालच्या सांध्यावर. नळ्यांवर कोब्याचा थर जेमतेम साडेचार सेंटिमीटरांचा असल्याने फुटकी टाइल छिन्नीने काढताना माझा जीव टांगणीला लागला होता. तळघरात ठेवलेल्या चार जादा टाइल्सपैकी एक सांध्याच्या रेषेत कापून दोन तुकड्यांत बसवली, आणि मधली फट सिमेंटच्या कडक ग्राउटऐवजी लवचीक सिलिकॉनने भरली. तेव्हापासून तिथे काही झालेले नाही.

भिंतीलगतचे सिलिकॉन मात्र दोन ठिकाणी सुटले आहे. ते हीटिंग बंद झाल्यावर जुलैत खरवडून नव्याने भरून घेणार आहे.