बीबीए करून एमबीएला आले, सहा महिने झाले: वापरानंतरचा अनुभव

गेल्या आठवड्यात काकूंचा फोन आला. "आमच्या पोराला बीबीएला घालू का गं? तू केलंयस म्हणून विचारते. पुढं एमबीए करायचं म्हणतोय." मी उत्तरादाखल व्हॉइस मेसेज पाठवला तो अकरा मिनिटांचा झाला, आणि काकूंनी तो दीड मिनिटावर सोडून दिला. म्हणून आता लिहूनच काढते.

आधी मी कोण ते. तासगावजवळच्या गावची. बाबांचं कृषी सेवा केंद्र. बारावी कॉमर्स २०२२ ला, मग पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाशी संलग्न एका कॉलेजात तीन वर्षं बीबीए, म्हणजे बिझनेस मॅनेजमेंटची पदवी, फायनान्स घेऊन. २०२४ ला कॅट (आयआयएम, म्हणजे केंद्राच्या मॅनेजमेंट संस्थांची प्रवेश परीक्षा), २०२५ ला सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा), आणि आता पुण्यातच एमबीएचं पहिलं वर्ष. दोन्ही कॉलेजांची नावं देत नाही, कारण काही तक्रारी आहेत आणि मला अजून तिथून ट्रान्सक्रिप्ट आणायच्या आहेत.

बीबीए घेताना माझ्या डोक्यात गणित सरळ होतं. एमबीएत जे शिकवतात तेच थोडं सोपं करून बीबीएत शिकवतात, म्हणजे आपण दोन पावलं पुढे. हे निम्मं खरं निघालं. चुकीचं ठरलेलं निम्मं आधी सांगते.

एमबीएचा अभ्यास आणि एमबीएची प्रवेश परीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅटला मार्केटिंगचा एकही प्रश्न नसतो, मॅनेजमेंटची तत्त्वं कुणी विचारत नाही. माझ्या वेळी ६८ प्रश्न होते: इंग्रजी वाचनाचे २४, तक्ते आणि कोडी सोडवण्याचे २२, गणिताचे २२. प्रत्येक विभागाला ४० मिनिटं, बरोबरला तीन गुण, पर्यायवाला प्रश्न चुकला की एक वजा. गणित बरंचसं दहावीपर्यंतचं, फक्त पिळून काढलेलं. बीबीएच्या पहिल्या सेमिस्टरला बिझनेस मॅथ्स असतं, पण ते टक्केवारी, व्याज, मॅट्रिक्स असं पाठ करून पास व्हायचं आणि सोडून द्यायचं. तिसऱ्या वर्षी पहिली मॉक (सराव परीक्षा) दिली तेव्हा एक प्रश्न होता: किंमत २० टक्क्यांनी वाढवली, मग २० टक्के सूट दिली, नफा की तोटा? मी घाईत 'ना नफा ना तोटा' ठोकून पुढे गेले. शंभराचे एकशेवीस, एकशेवीसावर वीस टक्के म्हणजे चोवीस गेले, उरले शहाण्णव. चार टक्के तोटा. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "असल्या हिशेबानं दुकान चालवलंस तर दोन वर्षांत शटर खाली." ते दहावी पास आहेत.

वाचनाचंही तेच. विद्यापीठाच्या पेपरात उत्तर म्हणजे सात पॉइंट, खाली अंडरलाइन. गाइडमधून ते पॉइंट पाठ. तीन वर्षांत मी एकही लांब लेख सलग बसून वाचला नव्हता, आणि कॅटला दर उताऱ्यामागे आठ-दहा मिनिटांत लेखकाला नेमकं काय म्हणायचंय ते पकडायचं असतं. माझा कॅटचा स्कोअर ७८ पर्सेंटाइल आला, म्हणजे शंभरातले बावीसेक जण माझ्या पुढे. पुढचं समजून घ्या.

आणि वेळापत्रक! कॅट नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी. पाचव्या सेमिस्टरची परीक्षा त्याच सुमारास. ७५ टक्के हजेरीची सक्ती वेगळी, असाइनमेंटच्या फायली वेगळ्या. माझी बीकॉमवाली मैत्रीण सकाळी अकराला मोकळी व्हायची आणि दिवसभर लायब्ररीत बसायची. तिचं अनुदानित कॉलेज, फी वर्षाची काही हजारांत. बीबीए विनाअनुदानित, मी वर्षाला ४५ हजार भरत होते, होस्टेल-मेस सोडून. कॅटला बसायला कुठल्याही शाखेची पदवी चालते, राखीव प्रवर्गातले काही सोडले तर ५० टक्के गुण पुरतात. बीबीएला त्यात जादा काहीच मिळत नाही. काही आयआयएम बिगर-इंजिनिअरना निवडीत थोडे जास्तीचे गुण देतात हे खरं, पण ते बीकॉम, बीए सगळ्यांना. शिवाय दहावी-बारावीचे गुणही काही ठिकाणी मोजतात, ते तर आता बदलता येत नाहीत.

सीईटीने मला तारलं. आपल्या राज्याची एमबीए सीईटी म्हणजे २०० प्रश्न, १५० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. वेगाचा खेळ. त्यातले शंभर तर लॉजिकल आणि ॲबस्ट्रॅक्ट रीझनिंगचेच. डिसेंबर ते मार्च रोज दोन तास बसले आणि कॅप राउंडला (राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीत) बरं कॉलेज लागलं. यातही बीबीएचा वाटा शून्य.

आता खरं निघालेलं निम्मं.

एमबीएच्या आमच्या वर्गात निम्म्याहून जास्त इंजिनिअर. पहिल्या महिन्यात अकाउंटिंगच्या तासाला त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. एक मेकॅनिकलवाला मेसमध्ये माझ्यासमोर ताट घेऊन बसला आणि म्हणाला, "घसारा खर्च आहे ना? मग कॅश फ्लोमध्ये (रोकडीच्या हिशेबात) तो नफ्यात परत मिळवतात कशाला?" मी त्याला काकांचा टेम्पो सांगितला. सहा लाखांना घेतला, सहा वर्षं चालेल धरलं, तर दर वर्षी एक लाख खर्च लिहायचा. नफा एक लाखानं कमी दिसतो. पण यंदा गल्ल्यातून एक लाख गेले का? नाही, पैसे टेम्पो घेतानाच गेले. म्हणून रोकड मोजताना ते नफ्यात परत मिळवायचे. त्याचा वरण-भात गार झाला, पण डोक्यात बसलं. त्यानंतर दोन महिने आमच्या ग्रुपचं अकाउंट्स माझ्याकडे आणि एक्सेल त्याच्याकडे.

पहिल्या सेमिस्टरचा निम्मा भाग तरी मला ओळखीचा होता. अकाउंटिंग, ऑर्गनायझेशनल बिहेविअर, मार्केटिंगची मूलतत्त्वं. इथेच मी फसले. ओळखीचं म्हणून निवांत राहिले. रिसर्च मेथड्समध्ये हायपोथिसिस टेस्टिंग (आकड्यांवरून अंदाज पडताळायचं स्टॅटिस्टिक्स) सुरू झालं आणि ज्यांना मी सप्टेंबरात घसारा समजावला तेच नोव्हेंबरात मला पी-व्हॅल्यू समजावत होते. बीबीएच्या स्टॅटिस्टिक्समध्ये आम्ही मीन-मीडियनच्या फार पुढे गेलोच नव्हतो. म्हणजे सर शिकवायला आले असते तर गेलोही असतो. आमच्याकडे तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, एका सेमिस्टरमध्ये तीन बदलले. त्यांना तरी काय बोलणार, पगार तीन-तीन महिन्यांनी. पण फी मात्र वेळेवर लागायची.

बीबीएतली एकच गोष्ट मी पैसे वसूल म्हणेन, ती म्हणजे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. गंमत म्हणजे बहुतेक जण तो करतच नाहीत. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा अहवाल) मिळायचं, नाव बदलून बाइंडिंगसकट. मीही घेणार होते, पण घरी दिवाळीला गेले तेव्हा बाबा बँकेच्या सीसीचं (दुकानासाठीच्या कॅश क्रेडिट कर्जाचं) व्याज बघून वैतागले होते. म्हणून त्यांच्या उधारीच्या वहीवरच प्रोजेक्ट केला. आमच्याकडे ऑक्टोबरात द्राक्षाची फळछाटणी झाली की औषधं, खतं सगळं उधारीवर उचललं जातं, आणि पैसे माल गेल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये. बेदाणा करून कोल्ड स्टोरेजला ठेवणारे तर सौद्यात भाव मिळेपर्यंत थांबतात. वर्षाची उधार विक्री २७ लाख, सरासरी येणं ११ लाख. म्हणजे उधारी वसूल व्हायला १४९ दिवस. कंपन्यांना मात्र आम्ही ४५ दिवसांत पैसे द्यायचे. मधले शंभरेक दिवस बँक चालवत होती, तेच ते व्याज. बाबा म्हणाले, "हे मला माहीत होतं, आकडा माहीत नव्हता."

एमबीएच्या एका खासगी संस्थेत मुलाखत झाली तेव्हा पंधरातली बारा मिनिटं या वहीवर गेली. त्यांनी विचारलं, उधारी बंद का करत नाही? मी म्हटलं, केली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. तिथे निवड झाली होती, फी झेपणारी नव्हती म्हणून घेतलं नाही.

आता काकूंच्या पोराचं. माझ्या वेळी बीबीएला बारावीच्या गुणांवर, कॉलेजच्या फॉर्मवर प्रवेश मिळाला. २०२४ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेखाली आले आणि राज्याची वेगळी सीईटी सुरू झाली. पहिल्या वर्षी १०० प्रश्न, ९० मिनिटं, त्यात ४० इंग्रजी आणि ३० रीझनिंग. त्या वर्षी जागा जास्त आणि मुलं कमी असा प्रकार झाला, ऑगस्टमध्ये पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. मुंबईत कित्येक कॉलेजांनी बीएमएसचं नाव बदलून बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज) केलं, म्हणजे सीईटीची भानगड नको. नाव वेगळं दिसलं म्हणून घाबरू नका, अभ्यासक्रम उघडून बघा. नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांचं ऑनर्सही आलंय. एमबीएच करायचंय तर तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडायला हरकत नाही, चौथ्या वर्षापेक्षा एखादी नोकरी बरी. प्लेसमेंटच्या तयारीत आमच्या वर्गातले दोन वर्षं आयटीत काढून आलेले किती सहज बोलतात ते मी रोज बघते. मला सांगायला फक्त द्राक्षबागा आहेत.

ज्याचं बारावीतच पक्कं ठरलंय आणि गणित चांगलं आहे, त्याने आयआयएम इंदूरचा पाच वर्षांचा आयपीएम (पदवी आणि एमबीए एकत्र) बघावा. २०११ पासून चालू आहे, प्रवेश परीक्षा बारावीनंतरच. पण फी लाखांत, आणि सतराव्या वर्षी इतकं पक्कं किती जणांचं असतं?

माझ्याकडून बीबीएला पाचपैकी तीन. एक गुण अकाउंट्सचा, एक प्रोजेक्टचा, एक पुण्यात एकटीने राहून बँक-भाडं-गॅस सांभाळायला शिकले त्याचा. तो तिसरा बीकॉम करूनही मिळाला असता.

काकूंना मी सांगितलं, कॉलेजात प्लेसमेंट विचारू नका. अकाउंट्स आणि स्टॅटिस्टिक्सचे शिक्षक किती वर्षं तिथे आहेत ते विचारा, आणि मागच्या वर्षीचे चार प्रोजेक्ट बघायला मागा. शनिवारी त्या सांगलीत दोन ठिकाणी जाऊन आल्या. एका ठिकाणी रंगीत पत्रक आणि चहा मिळाला. दुसऱ्या ठिकाणी क्लार्कने कपाटातून प्रोजेक्टचा गठ्ठा काढून दिला. काकूंनी वरचे दोन उघडून बघितले आणि मला फोन केला, "अगं, दोन्हींच्या आत एकच मजकूर आहे की!"