जुना वाडा: दुरुस्ती, भाडेकरार की बिल्डर?

वाडा चार भावंडांच्या नावावर, मागच्या खोल्यांत जुने भाडेकरू, पावसाळ्यात माजघरात पातेली मांडलेली आणि दारावर पालिकेची नोटीस. पुण्याच्या पेठांत, जुन्या नाशकात, वाई-साताऱ्यात अशी कितीतरी घरं आहेत. बिल्डरचा माणूस तिथे येऊन गेलेला असतो. त्याचा आकडा सगळ्यांना पाठ असतो, बाकीच्या पर्यायांचा आकडा कुणी काढलेलाच नसतो. माझा कल वाडा राखण्याकडे आहे हे आधीच सांगतो, पण जिथे ते जमत नाही तिथे तसंही लिहिलं आहे.

आधी नोटिशीतला इमारतीच्या धोक्याचा वर्ग नीट वाचा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती आणि सी-३ म्हणजे किरकोळ काम. 'नोटीस आली, आता पाडावंच लागणार' असं घरात बोललं जातं, पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्गात असाल तर ते खरं नाही. तपासणीला लाकडी बांधकाम कळणारा इंजिनिअरच बोलवा. काँक्रीटवर हातोडा आपटून ताकद मोजणाऱ्याला सागवानी सांगाड्याबद्दल फार काही सांगता येत नाही.

दुरुस्ती करून राहणं. बहुतेक वाड्यांचा भार भिंतींवर नसतो, सागवानी खांब आणि तुळयांवर असतो. मधली विटामातीची भिंत फुगली म्हणजे वाडा कोसळायला आला असं होत नाही. खरं दुखणं ठरावीक जागी असतं: तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडावर, टेकलेलं खांबाचं बूड, भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक आणि गळक्या पन्हाळीखालचा कोपरा. जाणता सुतार अशा ठिकाणी टोच्या, म्हणजे टोकदार हत्यार, मारून पाहतो. टोच्या भुसभुशीत लाकडात सहज शिरला तर तेवढा भाग कापायचा आणि नवं सागवान सांधून द्यायचं. अख्खा खांब बदलायची वेळ पुष्कळदा येतच नाही. मग कडीपाट (लाकडी तक्तपोशी) झाडून वाळवी बघायची, कौलं उतरवून पुन्हा शाकारायची.

सगळ्यात जास्त नुकसान केलंय ते सिमेंटच्या गिलाव्याने. जोत्यातून वर चढणारी ओल चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडते. सिमेंट लावलं की ती आतच कोंडते, भिंतीला लोणा (क्षारांचा पांढरा थर) धरतो आणि आतलं लाकूड कुजायला लागतं. बाहेरून भिंत नवी दिसते आणि आतून वाडा संपत जातो. हे पाहून जीव तुटतो, कारण घरच्यांनी ते काम मायेपोटीच करून घेतलेलं असतं.

दुरुस्तीचा मोठा फायदा म्हणजे ती टप्प्याटप्प्याने होते. यंदा छप्पर, पुढल्या वर्षी मागचा सोपा (ओसरी). तोटा असा की काम संथ चालतं, चुन्याचे गवंडी शोधावे लागतात आणि पैसा राहणाऱ्या एकट्या भावाच्या खिशातून जातो.

वापरायला देणं. वाडा टिकतो तो वापराने. पुण्याचा विश्रामबागवाडा 1807 साली दुसऱ्या बाजीरावाने बांधला. पेशवाई गेल्यावर 1821 मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा भरली, 1879 मध्ये आगीत त्याचं मोठं नुकसान झालं, पुढे पालिकेची कचेरीही तिथे होती. माणसांचा राबता राहिला म्हणून त्याला माय-बाप राहिले. तुमच्या वाड्यात अभ्यासिका, कार्यालय किंवा पर्यटन खात्याच्या योजनेतलं न्याहारी-निवास चालू शकतं. करार मात्र नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सचाच करा. गिलावा चुन्याचाच राहील, खांब-तुळयांना हात लागणार नाही आणि वरच्या मजल्यावर नवे संडास-बाथरूम निघणार नाहीत, हे त्यात लिहून घ्या. वरची गळकी मोरी म्हणजे खालच्या तुळईचा काळ.

बिल्डरला देणं. दहा वारसांना प्रत्येकी हिस्सा हवा असेल आणि वाडा खरोखरच सी-१ असेल तर हा रस्ता नाकारता येत नाही. पण किती बांधता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, आणि पेठांतल्या बोळांत ते गणित कागदावर दिसतं तितकं गोड नसतं. भाडेकरूंना नव्या इमारतीत जागा द्यावी लागते. शेजारच्या वाड्याशी भिंत सामाईक असेल तर तुमचा पाडताना त्याचा आधार निघतो, मग तंटा. आणि जुन्या सागवानाची किंमत करारात धरली नसेल तर ते सगळं ठेकेदाराच्या ट्रकमध्ये जातं.

मधला मार्ग फार कमी घरं विचारात घेतात: दिंडी दरवाजा आणि पहिला चौक राखायचा, मागच्या पडक्या भागात नवं बांधायचं. वाडा वारसा (हेरिटेज) यादीत असेल तर वारसा समितीची परवानगी लागते, पण न वापरलेलं चटईक्षेत्र टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, म्हणून विकायची तरतूदही आहे. तो पैसा दुरुस्तीला वापरता येतो. यादीत नाव म्हणजे कपाळाला शाप असं समजणाऱ्यांनी ही बाजू नगररचना विभागात जाऊन विचारावी.

वाडा उतरवून दुसरीकडे उभारणं हा शेवटचा उपाय. कोथरूडच्या मस्तानी महालाचे भाग पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात असेच उभे आहेत. एका कुटुंबाच्या आवाक्यातलं हे काम नव्हे.

पर्याय कुठलाही घ्या, तो अडतो सह्यांवर. फुले दांपत्याने 1848 मध्ये मुलींची शाळा सुरू केली तो भिडेवाडा वर्षानुवर्षं कोर्टकज्ज्यात अडकून पडला. तेवढ्या काळात तो खिळखिळा होत गेला. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला आणि त्याच डिसेंबरात, स्मारकासाठी, वाडा पाडण्यात आला. स्मारक होईलही, पण त्या मुली ज्या खोल्यांत बसल्या त्या आता नाहीत.

म्हणून वारसनोंदी, मालमत्तापत्रक आणि भाडेकरूंचे कागद आताच जमवा. वारस मोजके आणि पटणारे असतील तर दुरुस्ती करा आणि एक भाग वापरायला द्या. वारस पुष्कळ असतील तर मधला मार्ग मांडून बघा. निर्णय व्हायला दोन वर्षं लागली तरी पन्हाळी आणि छपराचं काम मृगाच्या आधी उरकून घ्या. त्या खर्चाला सगळ्यांच्या होकाराची वाट बघत बसू नका.