मुलुंड पूर्वेचे एक पाळणाघर, अनुबंधाच्या कसोटीवर

मुलुंड पूर्वेला, स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावरील दोन खोल्यांत चालणाऱ्या पाळणाघराविषयी हे लिहीत आहे. जागा मोजक्या असल्यामुळे नाव जाहीर करू नये, अशी संचालिकाबाईंची विनंती आहे आणि ती मला रास्त वाटते; परिसरात चौकशी केल्यास पत्ता सहज मिळतो. आमचा मुलगा तेरा महिन्यांचा असताना तेथे जाऊ लागला आणि आता तो अडीच वर्षांचा आहे. मी फोर्टला नोकरी करते, नवरा पवईला असतो आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा गावी असतात, त्यामुळे सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सातपर्यंत मुलाला कोणाच्या तरी हाती सोपवण्यावाचून आम्हाला गत्यंतर नव्हते.

मुंबईत पाळणाघर निवडताना पालक ज्या गोष्टी विचारतात त्या ठरलेल्या आहेत: कॅमेरा आहे का, खोली वातानुकूलित आहे का, डबा घरून द्यायचा की तेथेच जेवण मिळते, इंग्रजी बडबडगीते शिकवतात का. यांतले काहीही गैरलागू नाही. परंतु दोन वर्षांखालील मुलाच्या दृष्टीने या सगळ्याच्या आधी येणारा प्रश्न असा की, ते रडू लागले तर त्याला उचलून घेणारे माणूस रोज तेच असते का, आणि ते माणूस त्याला ओळखते का. आम्ही पाहिलेल्या एका झगमगीत केंद्रात फोनवर दिवसभर चित्रण दिसण्याची सोय होती. पण त्याच चित्रणात एकच मदतनीस बाई डझनभर मुलांना टीव्हीपुढे बसवून एकापाठोपाठ एक भरवत होती आणि कोपऱ्यात रडणाऱ्या मुलीकडे वळून पाहण्याइतकीही उसंत तिला नव्हती. तेथे पैसे भरायचे नाहीत, हे आम्ही जिना उतरतानाच ठरवले.

हा प्रश्न केवळ आईच्या हळवेपणातून आलेला नाही. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी 1951 साली लिहिलेल्या अहवालात, तान्ह्या मुलाला आईचा किंवा आईच्या जागी कायम असणाऱ्या व्यक्तीचा जिव्हाळ्याचा आणि अखंड सहवास मिळणे ही त्याच्या मानसिक आरोग्याची गरज आहे, असे ठामपणे मांडले. पुढे 1969 पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथमालेतून अटॅचमेंट थिअरी, म्हणजे अनुबंधाचा सिद्धान्त, तपशिलाने उभा राहिला. भीती वाटली, दुखले, थकवा आला की मूल ज्या माणसाकडे धावते, ते माणूस दर वेळी सापडते की नाही आणि सापडल्यावर जवळ घेते की झिडकारते, यावरून मूल जगाविषयी आणि स्वतःविषयी एक अंदाज बांधते व तोच अंदाज पुढच्या नात्यांत बरोबर नेते, असे या सिद्धान्ताचे थोडक्यात म्हणणे आहे.

बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडात आणि नंतर अमेरिकेतील बाल्टिमोरमध्ये आई-मुलांचे निरीक्षण करून हे तपासण्याची जी पद्धत बसवली, ती मला पाळणाघर पारखताना फार उपयोगी पडली. साधारण वीस मिनिटांच्या या चाचणीत वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला अनोळखी खोलीत आईबरोबर आणतात, एक परकी बाई येते, आई थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते. पाहणारा आई गेल्यावर मूल किती रडले यापेक्षा आई परतल्यावर ते काय करते याकडे अधिक लक्ष देतो. सुरक्षित अनुबंध असलेले मूल आईकडे झेपावते, कुशीत शांत होते आणि पुन्हा खेळायला वळते. काही मुले आईकडे पाठ फिरवून जणू काही घडलेच नाही अशी वागतात. काही आईला चिकटतात आणि त्याच वेळी तिला लाथाही मारतात, शांतच होत नाहीत. या तिन्हींत न बसणारा, गोंधळलेल्या वर्तनाचा चौथा प्रकार मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी नंतर नोंदवला. तेव्हा न रडणारे मूल म्हणजे शहाणे, रुळलेले मूल, हा आपल्याकडचा लाडका समज येथे फारसा कामाचा नाही.

म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी मी संध्याकाळी मुले घरी नेण्याच्या वेळेला दाराशी उभी राहून पाहिले. एक दीडेक वर्षाची मुलगी आईला पाहताच हातातला चमचा टाकून धावली, आईच्या खांद्यावर डोके टेकवून क्षणभर थांबली, मग मान वळवून मावशींकडे पाहून हसली आणि चप्पल घालून घेण्यासाठी पाय त्यांच्याचपुढे केला. आईविषयी ओढ आहे आणि मावशींविषयीही भरवसा आहे, हे एवढ्यावरून मला कळले. दुसऱ्या खोलीत एक मुलगा अंथरुणातून उठून रडत होता. त्याच्या मावशी कणीक मळत होत्या, त्यांनी तसेच भरले हात बाजूला धरून त्याच्याशेजारी बसकण मारली आणि तो शांत होईपर्यंत हलल्या नाहीत. त्या दिवशीच्या पोळ्या बहुधा उशिरा झाल्या असाव्यात.

प्रत्येक मूल एका ठरावीक मावशींच्या वाट्याला देणे हा या पाळणाघराचा खरा विशेष आहे. एका मावशींकडे दोन वर्षांखालील चारांहून अधिक मुले नसतात; भरवणे, झोपवणे, शी-शू काढणे ही कामे शक्यतो त्याच करतात. पहिल्या आठवड्यात आई किंवा वडिलांपैकी एकाने मुलाबरोबर तेथे बसावे, दुसऱ्या आठवड्यात थोडा थोडा वेळ बाहेर जावे आणि मूल मावशींकडून शांत होऊ लागल्यावरच पूर्ण वेळ ठेवावे, अशी त्यांची अट आहे. जर्मनीत बर्लिनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीतही पहिले तीन दिवस पालक मुलाजवळच बसून राहतात आणि ताटातुटीचा पहिला छोटा प्रयोग चौथ्या दिवशी होतो. निवृत्त बालवाडी शिक्षिका असलेल्या आमच्या संचालिकाबाईंनी आपली रीत स्वतःच्या अनुभवातून बसवली आहे. या अटीपायी रजा खर्ची पडते, हे मात्र आधीच हिशेबात धरावे.

मुलाची नजर चुकवून पळ काढण्यास येथे सक्त मनाई आहे. आपल्याकडे घरोघरी हाच सल्ला मिळतो, आणि पहिल्या दिवशी मीही खेळण्यात गुंतलेल्या मुलाकडे पाहत हळूच चप्पल घालू लागले तेव्हा संचालिकाबाईंनी मला थांबवले. “त्याला सांगून जा. रडेल, तर आम्ही आहोत. पण तुम्ही गेलात आणि तुम्हीच परत येणार आहात, हे त्याला ठाऊक असू दे,” असे त्या म्हणाल्या. जुलैतल्या एका मुसळधार संध्याकाळी ठाण्याकडे जाणाऱ्या गाड्या रखडल्या आणि मी पोहोचेपर्यंत नऊ वाजून गेले, तेव्हाही मावशींनी त्याला “आत्ता येईल हं आई” असे खोटे न सांगता “आई गाडीत अडकलीय, पाऊस थांबला की येणार, तोवर आपण वरण-भात जेवू” असे सांगितल्याचे मला वहीत वाचायला मिळाले. ही वही म्हणजे साधी दोनशे पानी शालेय वही आहे, पण तीत जेवला-झोपला याखेरीज मूल कशाने बिथरले आणि कशाने शांत झाले याचीही नोंद असते. माझी जुनी ओढणी गालाखाली घेऊन तो झोपतो, हे त्यांनी लगेच हेरले आणि ती धुवायला न टाकण्याची सूचना मलाच दिली.

येथे एक खुलासा करणे भाग आहे, कारण अनुबंधाचे नाव घेऊन नोकरी करणाऱ्या बायांना घाबरवण्याचा उद्योगही जोरात चालतो. अमेरिकेत 1991 साली सुरू झालेल्या आणि 1,300 हून अधिक मुलांचा मागोवा घेणाऱ्या मोठ्या अभ्यासात, मूल पाळणाघरात जाते एवढ्यामुळे त्याचा आईशी असलेला अनुबंध असुरक्षित होतो, असे आढळले नाही. घरी आईचा प्रतिसाद तुटपुंजा असेल आणि त्यात पाळणाघराचा दर्जा हलका, तेथील तास अधिक किंवा सांभाळणारी माणसे सतत बदलणारी असतील, तरच धोका वाढलेला दिसला. रोमानियातील बुखारेस्टमध्ये 2000 नंतर झालेल्या प्रयोगात अनाथालयांतील 136 बालकांपैकी निम्म्यांना सोडत काढून पालक कुटुंबांत ठेवण्यात आले. साडेचाराव्या वर्षी त्यांच्यात चिंता आणि नैराश्याशी निगडित विकार संस्थेत राहिलेल्या मुलांपेक्षा कमी आढळले आणि वयाची दोन वर्षे पूर्ण होण्याआधी कुटुंब मिळालेल्या मुलांचे अनुबंध अधिक सावरले. मिनेसोटातील दीर्घकालीन अभ्यासात, वर्षाच्या वयात आईला चिकटूनही शांत न होणाऱ्या मुलांमध्ये साडेसतराव्या वर्षापर्यंत चिंताविकारांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसले. तरीही त्या मुलांतल्या बहुसंख्यांना असा विकार झाला नव्हता. पहिल्या दोन वर्षांचे वजन खरे आहे, पण त्यावर कुणाची जन्मपत्रिका मांडता येत नाही. शिवाय आजी, आत्या, काकू आणि शेजारच्या वहिनी यांच्या हातांवर वाढलेल्या पिढ्यांना एका मुलाची एकाहून अधिक हक्काची माणसे असू शकतात हे वेगळे शिकवावे लागत नाही. ती माणसे आज असून उद्या नाहीशी होऊ नयेत, एवढेच.

माझी तक्रारही नेमकी याच ठिकाणची आहे. गेल्या दिवाळीनंतर आमच्या मुलाच्या मावशींनी काम सोडले आणि आम्हाला ते कळले ते नव्या मावशी दारात दिसल्यावर. पुढचे काही आठवडे तो रात्री दचकून उठत असे आणि मी स्वयंपाकघरात गेले तरी मागे येऊन साडी धरून उभा राहत असे. माणसे नोकरी सोडतात, त्यात गैर काही नाही. परंतु जे पाळणाघर आईला सांगून जायला लावते, त्याने मावशींनाही मुलांचा निरोप घेऊ द्यायला हवा होता. मी हे बोलून दाखवल्यावर संचालिकाबाईंनी ते मान्य केले आणि जानेवारीत दुसऱ्या एक मावशी गेल्या तेव्हा त्यांनी जुन्या-नव्या दोघींना काही दिवस एकत्र ठेवले. तरीही मदतनीसांचे पगार वाढवल्याशिवाय ही गळती थांबणार नाही, असे माझे मत आहे, आणि त्यासाठी फी वाढली तरी माझी हरकत नाही.

बाकीच्या उणिवा किरकोळ आहेत. अंगण नाही, त्यामुळे मोकळ्यावर खेळणे म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमधील चिंचोळी पट्टी. पावसाळ्यात खोलीत ओल येते. तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी खेळणी अपुरी आहेत. जेवण साधे, गरम आणि घरगुती असते. फी दरमहा साडेनऊ हजार रुपये, अनामत एका महिन्याची आणि सातनंतर प्रत्येक तासाला वेगळे पैसे, पण गाड्या बंद पडलेल्या दिवशी ते घेत नाहीत.

पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ द्यावे, अशी तरतूद 2017 च्या मातृत्व लाभ सुधारणा कायद्याने आणली. तरीही मुंबईच्या गर्दीच्या लोकलमधून तान्हे मूल फोर्टपर्यंत नेणे कोणाला शक्य आहे, हा प्रश्न उरतोच, त्यामुळे घराजवळच्या अशा जागांना तूर्त तरी पर्याय दिसत नाही. ज्यांना येत्या सोमवारपासूनच पूर्ण दिवस मूल ठेवायचे आहे त्यांनी येथे जाऊ नये. रुळवण्याचे दोन-तीन आठवडे गाळण्यास संचालिकाबाई तयार होत नाहीत. प्रवेश घ्यायचा झाल्यास संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास जावे, मुले घरी जाताना पाहावीत आणि सध्या कोणत्या मावशी किती काळापासून तेथे आहेत, हे फीच्या आधी विचारावे.