पालिकेचा अर्धा चौक उत्तम, उरलेला अर्धा परवानगीत

पायी ओलांडण्याच्या सोयीला माझे गुण: आडव्या रस्त्याला पाचापैकी साडेचार, मुख्य रस्त्याला दीड. चौक एकच, पण मालक दोन. आडवा रस्ता पालिकेचा, मुख्य रस्ता राज्याचा. सुरक्षा सुधारणेचा आराखडा पालिकेने मंजूर केला, पैसे बाजूला काढले आणि आपल्या हद्दीतलं काम उरकूनही टाकलं. राज्याच्या हद्दीत कर्ब, म्हणजे रस्त्याची उंच दगडी कड, हलवायचा किंवा सिग्नलची वेळ बदलायची तर राज्याची परवानगी हवी, आणि ती अजून यायची आहे. त्यामुळे रंग, पट्टे, स्प्रिंग पोस्ट (वाकून परत उठणारे खांब) सगळं हद्दीच्या रेषेपर्यंत येऊन कात्रीने कापल्यासारखं थांबलंय.

मी निवृत्त ड्राफ्ट्समन. गुडघा दुखरा, चाल मंद. तेव्हा हा अभिप्राय पायी चालणाऱ्याचा आहे; गाडीवाल्यांनी आपला वेगळा लिहावा.

आधी जमलेलं काम. पूर्वी कोपऱ्याची गोलाई इतकी ऐसपैस होती की वळणारी गाडी ब्रेकला पायसुद्धा लावायची नाही. आता रंग आणि खांब लावून कोपरा पुढे आणलाय, गोलाई घट्ट केलीय. चालकाला जवळपास काटकोनात वळावं लागतं आणि वेग आपसूक उतरतो, पोलीस नको की पाटी नको. दुसरा फायदा नकाशात चटकन दिसत नाही, तिथे उभं राहिल्यावर कळतो. उभं राहायची जागा पार्क केलेल्या गाड्यांच्या पुढे आलीय. गाडीआडून मान काढून बघणं संपलं, मी चालकाला दिसतो आणि तो मला. अर्धा गुण कापला तो खांबांसाठी. रबरी बैठकीवरचे हे खांब चाकाखाली आले की वाकून परत उठतात, पण ट्रकची मागची चाकं जिथे घासतात तिथले आता आडवेच पडलेत. उरलेल्यांच्या चमकत्या पट्ट्यांवर धूळ बसलीय. तात्पुरतं सामान थोड्या काळासाठीच असतं, आणि इथे त्याला परवानगी येईपर्यंत तग धरायचाय.

आता मुख्य रस्ता. रुंदी साधारण १८ मीटर, चार लेन आणि कडेची जागा. सिग्नलचा हिशोब करताना माणसाची चाल सेकंदाला १.२ मीटर धरायची जुनी पद्धत आहे. म्हणजे १५ सेकंद. माझ्यासारखा ०.८ मीटरने चालणारा तेवढ्यात १२ मीटर जातो. उरलेले ६ मीटर, म्हणजे जवळजवळ दोन लेन, समोर इंजिनं गुरगुरत असताना काटायचे. पालिकेच्या आराखड्यात यावर उपाय आहे: मधोमध उंच कर्बचा पादचारी थांबा. मग एका दमात ९ मीटरच. शिवाय गाड्यांना हिरवा मिळण्याआधी पादचाऱ्यांना काही सेकंदांची आघाडी. दोन्ही गोष्टी कागदावर आहेत, दोन्ही राज्याच्या हद्दीत. इथे गाड्या सुसाट असतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे गाडीचा वेग ताशी ५० वरून ६५ किलोमीटर झाला की धडकेत पादचारी दगावण्याचा धोका साडेचार पट होतो.

राज्याच्या खात्याला शिव्या घालणं सोपं आहे, पण अशा फायली मी पाहिल्यात. त्यांचे प्रश्न फालतू नसतात. लांब ट्रेलर वळताना मागची चाकं थांब्यावर चढणार का? कर्ब पुढे आला की पावसाचं पाणी कुठे तुंबणार? खाली कुणाची केबल, कुणाची पाइपलाइन? काम चालू असताना वाहतूक कुठून वळवणार? आणि सगळ्यात चिवट प्रश्न, उद्या थांब्याचा कर्ब फुटला तर दुरुस्ती कोणाच्या खर्चाने? माझी तक्रार शेरे मारण्याच्या पद्धतीवर आहे. एक टेबल शेरा मारतं, नकाशा सुधारून परत जातो, मग दुसऱ्या टेबलाला नवा शेरा सुचतो. सगळे शेरे एकदम दिले तर ड्राफ्ट्समन एका बैठकीत नकाशा सुधारतो, हे स्वानुभवाने सांगतो.

कागद कुठल्या कारणाने अडेल याचा नेम नसतो. पादचाऱ्याने बटण दाबलं की झपाझप लुकलुकणारे पिवळे आयताकृती दिवे अमेरिकेच्या केंद्रीय महामार्ग प्रशासनाने २००८ मध्ये तात्पुरत्या मान्यतेत घेतले. डिसेंबर २०१७ मध्ये ती मान्यता पेटंटच्या भानगडीमुळे काढून घेतली आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा दिली. दिव्यांच्या कामगिरीबद्दल तक्रार नव्हतीच.

तोवर पालिकेला एक गोष्ट करता येईल, तीही स्वतःच्या हद्दीत आणि कुणाला न विचारता: आडवे पडलेले खांब बदलावेत, आणि ट्रकच्या मार्गातले हातभर आत घ्यावेत. नाहीतर तिथे नवे खांबही टिकणार नाहीत.

हळू चालणाऱ्यांसाठी: मुख्य रस्त्यावर पादचाऱ्यांचा हिरवा आधीच लागलेला दिसला तर पाऊल टाकू नका. पुढचा ताजा हिरवा लागेपर्यंत आडव्या रस्त्याच्या नव्या कोपऱ्यावर थांबा. तिथे जागा भरपूर आहे.